न सरावलेलं गवत

सिंगापूरच्या उकाड्यात मी रोज जाकीट घेऊन कामाला जायचे. आमच्या प्रयोगशाळेतल्या शीतकक्षात उंच डोंगराळ भागातल्या गुरांसाठी चाऱ्याची गवतं वाढत होती. कोणता वाण थंडीत तगतो, हे शोधणं माझं काम. माझे वरिष्ठ पुण्याचे. परमुलखात मराठी साहेब मिळाला म्हणून आई खूश होती. मला मात्र तो माणूस लवकरच नकोसा झाला. सगळ्यांशी ते इंग्रजीत गोड बोलत. माझा अपमान करायचा असला की मराठीत करत, म्हणजे शेजारच्यांना कळायला नको.

ठिणगी पडली ती गवतावरून. ते शीतकक्षाचं तापमान हळूहळू उतरवायचे. असं थंडीला सरावलेलं गवत गोठणबिंदूखालीही टिकतं, त्यामुळे निकाल सुरेख यायचे. पण डोंगरावर ऐन उन्हाळ्यात दुपारी ऊन तापलं तरी पहाटे दव गोठतं. तिथे गवताला सरावायला वेळ कोण देतं? मी हे म्हटलं की ते हसायचे. शेवटी मीच काही कुंड्या उबेतून थेट गोठवणाऱ्या थंडीत ठेवल्या. बाहेर काढल्यावर पाती उकडलेल्या पालकासारखी लोळली, पुढेही बुंध्याशी नवा कोंब फुटलाच नाही. ते ज्या वाणाचा तोरा मिरवत होते, तोच आधी गेला.

त्या कुंड्या मी बैठकीत टेबलावर ठेवल्या.

"कुणाला विचारून केलंस हे?" ते हसऱ्या चेहऱ्यानं मराठीत म्हणाले. "तुझी इथली नोकरी माझ्या हातात आहे, विसरू नकोस."

मी त्यांचं वाक्य जसंच्या तसं इंग्रजीत सगळ्यांना सांगितलं, आणि मगच कुंड्यांबद्दल बोलले. त्या डोंगराळ भागातून बैठकीला आलेल्या पाहुण्या संशोधक बाईंनी एक कुंडी ओढली, बुंधे चाचपले आणि म्हणाल्या, "ही चाचणी सगळ्याच वाणांवर करा."

चाचणी झाली, मला वगळून. साहेबांचा वाण बाद झाला. माझ्या कार्डानं शीतकक्षाचं दार उघडेनासं झालं आणि माझा करार वाढवला गेला नाही. शहराच्याच आंग मो किओ भागात दुसरी नोकरी मिळेपर्यंत मी जीव मुठीत धरून होते.

गेल्या दिवाळीत मराठी मंडळींच्या फराळाला साहेब समोर आले.

"काय गं, राग गेला की नाही?"

"नाही."

मी पुढे काहीतरी बोलेन म्हणून ते हसत थांबले. मी चकली मोडली आणि तिथेच उभी राहून खाल्ली. जायचं तर त्यांनी जावं.