केबिनबाहेरचा बाक

जवळा निवडायला घेतला होता. सूप मांडीवर, अर्धा निवडून झालेला, तेवढ्यात दक्षताचा फोन. आज बाकावर बसायची पाळी सलिलची, पण त्याला कॉलेजनं पेपर तपासायला बसवलंय, दुसरं कुणी नाही, वयनी तू येशील का. सूप तसंच झाकलं, एकवीरा आईला हात जोडले आणि निघाले.

दक्षता माझी धाकटी नणंद. आमच्या कोळीवाड्यातून पीएचडीला गेलेली पहिलीच. खाडीच्या चिखलात उड्या मारणाऱ्या माशांवर, निवट्यांवर, तिचं काम. ठाणे-कल्याणच्या कॉलेजांतली तिच्यासारखी सहा-सात पोरं तिनं जमवलीत. रविवारी आमच्याच ओटीवर बसतात, एकमेकांचं लिखाण वाचतात, चुका काढून भांडतात. मी चहा देते. गेल्या वर्षी त्यांच्यातल्या भावेशला त्याच्या गाईडनं केबिनमध्ये एकटं गाठून त्याच्याच लेखावरचं त्याचं नाव काढायला लावलं. पोरानं शिकणंच सोडलं. तेव्हापासून यांचा नियम: केबिनमध्ये जाताना दार उघडं ठेवायचं आणि आपलं एक माणूस बाहेर बाकावर बसवायचं.

दक्षताच्या सरांना हे टोचतं. गट बंद कर, नाहीतर प्रबंधावर सही नाही, असा त्यांचा निरोप होता. तिची सगळी मेहनत त्या एका सहीवर अडलेली.

आज सरांनी तिला केबिनमध्ये बोलावलं होतं. मी बाहेर बाकावर नामस्मरण करत होते, पण कान आत. सर आधी गोड बोलले, तुझ्या भल्याचं सांगतो म्हणाले. मग बाहेर कोण बसलंय विचारलं. वहिनी आहे कळल्यावर हसले; घरच्यांना आणायला ही बालवाडी आहे का, म्हणाले.

"सर, गट बंद होणार नाही," दक्षता म्हणाली. आवाज जराही कापला नाही. "सही करायची नसेल तर कारण लिहून द्या."

"मग दुसरा गाईड शोध."

"शोधते."

बाहेर येऊन ती माझ्या शेजारी टेकली. रडेल असं वाटलं, रडली नाही.

"तुझ्या हातांना जवल्याचा वास येतंय गो."

"येऊ दे. आत केबिनपर्यंत गेला असंल."

दोघी हसलो, मुद्दाम मोठ्यानं. दार उघडंच होतं.

घरी आल्यावर उरलेला जवळा तिनं निवडायला घेतला, मी देवापाशी दिवा लावला. सहीसाठी नवस बोलले नाही. जे तिच्या हक्काचं आहे ते आईकडे तरी का मागायचं? दुसरा गाईड शोधायला गटातली सगळी लागलीत.

उद्या सकाळी दक्षता कल्याणला जाणार आहे, गटातल्या संचितासाठी, तिच्या गाईड मॅडमच्या केबिनबाहेर बसायला.