आबांचा हात कुठवर पोचतो

आबांची डावी बाजू गेली तेव्हा मी बी.एस्सी. होऊन राजारामपुरीत शिकवणीच्या वर्गात गणित शिकवत होतो. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला, आणि हे मी आजही ताठ मानेने सांगतो. आबा म्हणजे माझे वडील, गूळ बाजारात हमाल. गुळाच्या रव्यांची, म्हणजे ढेपांची, थप्पी डोक्याच्या वर गेली की मुकादम त्यांनाच हाक मारायचा. इतरांचे हात तिथवर पोचायचे नाहीत.

आता ते खाटेवर पडून होते. जीभ शाबूत होती, पण पाणी मागायची नाही. जन्मात कुणापुढे हात पसरला नव्हता, ते आता घोटभर पाण्यासाठी बायकोला हाक मारणार? ओठांना भेगा पडल्या. पाणी पोटात गेलंच पाहिजे, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आई भांडं तोंडाशी न्यायची, ते तोंड फिरवायचे.

"माजं मी घेतो," म्हणायचे.

मग माझ्यापुढे प्रश्न एवढाच उरला, की हात कुठवर पोचतो. आबांना उशीला टेकवून बसवलं आणि खांद्याच्या सांध्यापासून बोटाच्या टोकापर्यंत उजव्या हाताला टेप लावली.

"मढ्याचं माप घेतोयस व्हय रं?"

"अवो, गप बसा की," आई म्हणाली. "मोजू द्या त्येला."

"मोज बाबा. कालिजात घातला त्यो ह्येच्यासाठीच न्हवं."

हिशेब सोपा होता. खांदा हे केंद्र, हात ही त्रिज्या. पण पाणी ठेवायचं स्टूल खांद्यापेक्षा खाली असतं, म्हणून काटकोन त्रिकोण मांडला. हात हा कर्ण, उंचीतला फरक ही एक बाजू, उरलेली बाजू म्हणजे आडवी पोच. तेवढ्या अंतरावर फरशीवर खडूने कमान काढली आणि तिच्या आत स्टूल ठेवलं. वर पाण्याचं फुलपात्र.

आबांची बोटं फुलपात्राला लागली आणि ते कलंडलं. बोट लागणं निराळं, मूठ वळणं निराळं. मी बोटांची लांबी वजा केली, कमान आत घेतली. त्या संध्याकाळी आबा आपल्या हाताने पाणी प्यायले. रिकामं फुलपात्र स्टुलावर आपटलं, आत चुलीपाशी ऐकू जाईल असं.

तेव्हापासून आई ती रेघ सोडून फरशी पुसायची.

पुढे आबांचा उजवा खांदाही उचलेना, कोपर सरळ होईना. त्रिज्या म्हणून आता धरायचं काय? मी दर वेळी नवी रेघ काढली, आधीच्या रेघेच्या आत. चादर बदलताना आई स्टूल हळूच खाटेकडे सरकवायची, आणि आबा तेवढा वेळ छताकडे बघत राहायचे. शेवटी स्टूल खाटेला टेकलं. आणखी आत रेघ काढायला फरशीच उरली नाही.

एका दुपारी मी पोरांचे पेपर तपासत बसलो होतो. आई उंबऱ्याशी तांदूळ निवडत होती. भरलेलं फुलपात्र आबांच्या कानाशी होतं, हात चादरीवर.

"घोटभर पानी दे रं," आबा म्हणाले.

आईचं सूप थांबलं. मी उठलो, त्यांचं डोकं उचलून पाणी पाजलं. अर्धं गळ्यावरून ओघळलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, मीही खिडकीकडेच बघत होतो.

रिकामं फुलपात्र मी आवाज न करता खाली ठेवलं.