बसप्पाअण्णांचा शिकंजा

बसप्पाअण्णा गेल्याचं मला औशाच्या बसस्टँडवर कळलं. हातातला चहा तसाच राहिला... आता महिना उलटून गेलाय. रडून झालं. राग तेवढा उरलाय, आणि तो मी गिळणार नाही.

लातूर तेव्हा नुकताच वेगळा जिल्हा झाला होता आणि दुष्काळ पडला होता. गावोगावचे हापसे दुरुस्त करायला आमची भरती झाली. साहेबांनी पान्यांची पिशवी हातात दिली, "जा, लागा कामाला." शिकवलं काहीच नाही. आम्हाला हापसा उघडता यायचा, जोडता यायचा नाही, आणि बायका रिकाम्या घागरी घेऊन शिव्या घालायच्या. दोन महिन्यांत निम्मे जण नोकरी सोडून पळाले. माझाही राजीनामा खिशात तयार होता. त्याच आठवड्यात पाइप वर ओढताना मी ते धरून ठेवणारा लोखंडी शिकंजा सैल लावला, आणि सगळे पाइप सळसळत बोरमध्ये गेले. गावाला पाण्याची दुसरी सोय नव्हती.

"याला आजच घरी पाठवा," साहेब म्हणाले. आमच्यातले जुने मेकॅनिक म्हणजे अण्णा. ते पुढं झाले. "साहेब, पाइप कुणाच्या हातनं पडले ते समद्यांनी बघितलंय. ह्याला शिकवलं कुणी, ते इचारा की." मग दोन दिवस आकडा टाकून त्यांनी पाइप वर आणले आणि शिकंजा माझ्याच हातानं लावून घेतला. राजीनामा मी फाडून टाकला.

पुढच्या रविवारपासून अण्णांच्या अंगणात मोडका हापसा मधे ठेवून आमची शिकवणी सुरू झाली. डोळे बांधून ज्याला शिकंजा लावता येईल, त्यानं त्याच शिकंज्याच्या दांड्यावर कानशीनं एक खाच पाडायची. "आता तू पळत न्हाईस," अण्णा म्हणायचे. खाच पाडलेला एकही जण नोकरी सोडून गेला नाही.

साहेबांना मात्र ते बोलणं झोंबलं होतं. सुपरवायझरची जागा निघाली तेव्हा अण्णांच्या कागदावर त्यांनी शेरा मारला, प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र नाही. आम्हा सगळ्यांना शिकवणाऱ्या माणसाला! प्रशिक्षणाला पुण्याला गेला साहेबांचा भाचा, सरकारी खर्चानं. तो सुपरवायझर झाला आणि वर्षाच्या आत खासगी कंपनीत निघून गेला. अण्णा मेकॅनिक म्हणूनच निवृत्त झाले. मी चिडलो की म्हणायचे, "सोड रे. हापसा चालू हाय न्हवं?" मी सोडलं नाही.

शोकसभेत तेच साहेब काठी टेकत उभे राहिले. "बसप्पा माझ्याच तालमीत तयार झाला," म्हणाले. अण्णांच्या घरून आणलेला शिकंजा मी टेबलावर आपटला. "साहेब, लावून दाखवा." त्यांनी तो उलटा धरला, फिरवला, पुन्हा उलटाच धरला. समोर आमचे सगळे मेकॅनिक बसले होते. कुणीही उठलं नाही. म्हाताऱ्या माणसाचा असा पाणउतारा करू नये, हे मला कळतं. तरी बरं वाटलं, अजून वाटतं...

शिकंजा परत द्यायला अण्णांच्या घरी गेलो तर काकूंनी घेतला नाही. "तुमच्याकडंच असू द्या," म्हणाल्या. आता तो माझ्या कपाटात आहे. दांड्यावर अंगठा फिरवला की खाचा लागतात, माझी तिसरी. शेवटच्या खाचेपुढं बोटभर जागा मोकळी आहे. साहेब कधी शिकायला आले असते तर अण्णांनी ती त्यांना दिली असती. मी देणार नाही.