जिनिंगच्या गेटवरची वरमाय

आम्ही तिघं वर्षा-दोन वर्षांनी वर्ध्याला भेटतो. सुरुवात अगदी सभ्य असते. कुणाची शुगर किती, कुणाचा मुलगा कुठे चिकटला. मग कोणीतरी म्हणतं, "तुले आठवते का, फेलोशिपचा उन्हाळा?" आणि संपलं! घरचे लोक चहाचे कप उचलून आत निघून जातात. त्यांना सगळे किस्से पाठ आहेत. दर भेटीत त्यात थोडी भर पडते, ती गोष्ट वेगळी.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. एका संस्थेने कॉलेजच्या मुलांसाठी उन्हाळी फेलोशिप काढली. सुट्टीभर कामगारांच्या वस्तीत फिरायचं, त्यांना एकत्र कसं आणायचं ते शिकायचं, आणि त्यासाठी चक्क मानधन! सेलूजवळच्या एका जिनिंगसाठी, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्यासाठी, आम्ही तिघं निवडले गेलो. मी किराणा दुकानदाराचा मुलगा. वंदना शेतकऱ्याची मुलगी. आणि दिनकर ऊर्फ दिन्या, वक्तृत्व स्पर्धांचे कप ठेवायला घरात जागा नाही असा माणूस.

*

मी घरी सांगितलं तेव्हा बाबा गुळाची भेली फोडत होते. हातोडी वरच थांबली.

"मोर्चे काढाचं शिकवते? अन् वरून पैसे देते?"

"हो बाबा."

"मी तुले दुकान चालवाचं शिकवून राह्यलो, तं तू म्हणते बोर होते! हे बरं हाय!"

दिवसभर धुसफुसले. पण संध्याकाळी एका गिऱ्हाइकाने विचारलं, पोरगा सध्या काय करतो? बाबा तराजूकडे बघत गंभीरपणे म्हणाले, "ट्रेनिंगले हाय. सेंट्रलचं काहीतरी."

*

आम्हाला शिकवायला नागपूरहून एक ताई आल्या होत्या. खादीचा कुर्ता, सायकल, आणि आवाज इतका हळू की पुढे सरकून बसावं लागे. त्यांचा नियम एकच. "आधी ऐका. बोलणं नंतर."

एक दिवस त्यांनी नाटुकलं करायला लावलं. ताई कामगार बाई होऊन जमिनीवर बसल्या. दिन्याने त्यांच्याशी गप्पा मारून मन मोकळं करायचं. दिन्या उभा राहिला, घसा साफ केला आणि हात वर करून सुरू झाला, "माझ्या तमाम माता-भगिनींनो!"

ताई म्हणाल्या, "दिनकर, मी एकटीच आहे."

"हो ताई, पण मागच्यांना ऐकू गेलं पाहिजे ना!"

मागे भिंत होती.

*

ताईंनी मग दिन्याला वेगळं बसवून समजावलं. वस्तीत जायचं, घरात बसायचं, एकच प्रश्न विचारायचा, की तुमची अडचण काय आहे? नंतर तोंड उघडायचं नाही.

दिन्याने ते फारच मनावर घेतलं. इस्त्रीचा शर्ट घातला, केसांना तेल लावलं आणि अनसूयाबाईंच्या घरी गेला. अनसूयाबाई जिनिंगमधली सगळ्यात जुनी रेजा. तिकडे कामावरच्या बायांना रेजा म्हणतात. दिन्या खाटेवर बसला, विचारलं, "तुमची काय अडचण आहे?" आणि गप्प झाला.

आता बघा, दिवस लग्नसराईचे. घरात लग्नाची पोरगी. अशा घरी एक अनोळखी, तेल लावलेला मुलगा येतो, अडचण विचारतो आणि मान खाली घालून बसून राहतो! अनसूयाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं, नवऱ्याने पोरीकडे पाहिलं. थोड्या वेळाने पोरगी नवं लुगडं नेसून पोह्यांची बशी घेऊन बाहेर आली.

आणि दिन्याने ते पोहे खाल्ले! वरून म्हणाला, "छान झालेत."

दुसऱ्या दिवशी अनसूयाबाईंचे यजमान टोपी घालून, दोन पाहुणे सोबत घेऊन ताईंकडे हजर. "पोराची शेती किती?" ते निस्तरता निस्तरता ताईंचा हळू आवाज पहिल्यांदा मोठा झाला. अनसूयाबाई मात्र पोट धरून हसल्या. त्यानंतर पूर्ण उन्हाळाभर दिन्याला वस्तीत नाव नव्हतं. जो तो म्हणे, "या जवाईबापू!"

पण खरं सांगतो, त्या पोह्यांनी आमच्यासाठी वस्तीची दारं उघडली.

*

सुशीलाचा किस्सा म्हणावा असा नाही, पण तो सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. ती जिनिंगमधली सगळ्यात तरुण रेजा. नवरा सोडून गेलेला, कडेवर तान्ही मुलगी, आणि घरात मिळवणारी ती एकटीच. एक दिवस दुपारी पोरीला पाजायला ती गेटबाहेरच्या लिंबाखाली गेली. परत आली तर मुकादम म्हणाला, "उद्यापासून येऊ नको."

एवढंच. बाकीच्या बाया मान खाली घालून कापूस ओढत राहिल्या. संध्याकाळी त्या आमच्याशीही धड बोलेनात. प्रत्येकीच्या मनात एकच, उद्या आपला नंबर. सुशीला दारात बसून पोरीला थोपटत होती. तिच्याकडे बघवत नव्हतं. वंदना तिच्याजवळ जाऊन बसली आणि दोघी रडल्या. ताईंच्या ट्रेनिंगमध्ये हे नव्हतं.

दोन दिवसांनी अनसूयाबाईंच्या अंगणात बाया जमल्या. दिन्या 'सामूहिक सौदा', 'संघटित शक्ती' असं बरंच काही बोलला. बाया तांदूळ निवडत होत्या.

मधेच अनसूयाबाई म्हणाल्या, "जवाईबापू, म्हंजे वरमायसारखं रुसाचं का?"

आमच्याकडे लग्नात नवरदेवाची आई, म्हणजे वरमाय, एकदा तरी रुसतेच. मांडवाबाहेर जाऊन बसते. मग मुलीकडचे हात जोडून येतात, काय हवं ते विचारतात, आणि ती उठेपर्यंत सगळं अडून राहतं.

एक बाई म्हणाली, "पण माय, वरमायले कोणी कामावरून काहाडत नाई. आमाले काहाडते."

"एकटी रुसली तं काहाडते," अनसूयाबाई म्हणाल्या. "सगळ्याच वरमाया झाल्या तं कापूस कोण ओढन? शेठ?"

पहिल्यांदा सगळ्या हसल्या. सुशीलासुद्धा.

*

जिनिंगचे शेठ आमच्याच दुकानातून घरचा किराणा नेत. मी रात्री जेवताना बाबांना सांगायला गेलो, "बाबा, उद्या शेठजींच्या गेटवर..."

बाबांनी हात वर केला. "मले काही सांगू नको! उद्या शेठनं मले विचारलं, तं मले खरंच माहीत नसलं पायजे."

सकाळी निघताना त्यांनी माझ्या पिशवीत फुटाण्यांचा पुडा टाकला. "बायाइले देजो. ऊन लागते."

*

त्या सकाळी सगळ्या रेजा लग्नाला निघाव्या तशा आल्या. ठेवणीतली लुगडी, केसात फूल, हातभर बांगड्या. गेट उघडं होतं, पण आत कोणी गेलं नाही. लिंबाखाली ओळीने बसल्या. घोषणा नाही, काही नाही. दिन्याला घोषणेची इतकी उबळ आली होती की वंदनाने त्याच्या तोंडात फुटाणे कोंबले.

मुकादम ओरडून थकला. आवारात कापसाचे ढीग उघडे पडलेले आणि पश्चिमेकडे आभाळ भरून आलेलं. शेवटी शेठ स्वतः बाहेर आले. समोर नटूनथटून बसलेल्या बाया बघून गोंधळले.

"काय झालं? कोणाचं लगन हाय?"

अनसूयाबाई मधोमध बसल्या होत्या. तोंड दुसरीकडे फिरवून म्हणाल्या, "आमी रुसलो."

शेठना हसावं की चिडावं कळेना. तेवढ्यात मागच्या घरातून त्यांची म्हातारी आई काठी टेकत आली. तिने बायांकडे पाहिलं, बांगड्यांकडे पाहिलं, आणि तिला बरोबर समजलं. "अरे, देखता क्या है? वरमाय रुसली हाय! हात जोड अन् विचार, काय पायजे!"

शेठनी आभाळाकडे पाहिलं. आईकडे पाहिलं. मग अर्धेमुर्धे हात जोडले. "काय पायजे?"

"सुशीलेले घ्या. अन् लेकराले पाजाले सुट्टी द्या."

लांबवर गडगडलं.

"बरं. चाल वं सुशीले, आत."

सुशीला पोरीला कडेवर घेऊन उठली. गेटातून आत गेली तेव्हा तिचे डोळे वाहत होते, आणि खोटं कशाला सांगू, माझेही. तिच्यामागे एकेक करत सगळ्या रेजा उठल्या. अनसूयाबाई उठल्या नाहीत.

शेठ वैतागले. "आली न सुशीला! आता तुले काय झालं? ऊठ न!"

अनसूयाबाईंनी पदर नीट केला, मांडी मोडून पुन्हा घातली आणि तोंड फिरवलं.

"तो रुसवा सुशीलेचा होता शेठजी. माहा आता सुरू व्हाचा हाय."