आब्दोनचं पाणी

आमच्या सान रोसेंदोत नळाच्या पाण्याला सगळे 'आब्दोनचं पाणी' म्हणतात. ते कानावर आलं की या वयातही माझ्या पोटात दुखतं.

आब्दोन व्हिल्याक्रेसला पाणी वाहायचं काम मीच शिकवलं. इक्वेडोरची राजधानी किटो, तिथून घोड्यावर तीन दिवसांच्या वाटेवरचं आमचं डोंगरातलं गाव. झरे सगळे वर, घरं खाली. गाढवाच्या दोन्ही अंगांना लाकडी पिंपं बांधायची आणि दारोदार पाणी घालायचं, हा आम्हा दोघांचा धंदा. ताकद माझ्यात जास्त, आवाज माझा मोठा, झऱ्यावरून पिंपं मीच भरून आणायचो, म्हणून कुठला झरा कधी आटतो हे मला पाठ. आब्दोनला एकच गोष्ट यायची. पिंप रिकामं करून झालं तरी तो स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर टेकायचा आणि बायका काय सांगतील ते ऐकत बसायचा.

"लेका, पाणी घालायला जातोस की पापं ऐकून घ्यायला?" मी विचारायचो.

"ऐकायला काय जातंय?" तो हसायचा.

पाद्रीबाबांच्या घरी स्वयंपाक करणारी देल्फिना आम्हा दोघांनाही उकडलेल्या मक्याची वाटी द्यायची. माझ्या वाटीत जरा जास्त मका असतो, असं मी चार वर्षं समजत होतो. लग्न तिनं आब्दोनशी केलं.

१९०८ साली निवडणूक आली. बायकांना मत नव्हतं, पण प्रत्येक घरातल्या बाईनं नवऱ्याच्या डोक्यात आब्दोनचं नाव घातलं. पाणी वाहणारा नगराध्यक्ष झाला! दुकानदार, जमीनदार तोंडात बोटं घालून बघत राहिले. मी टाळ्या वाजवल्या. हात झोंबेपर्यंत वाजवल्या, म्हणजे माझ्या तोंडाकडे कुणी बघू नये.

पुढे त्याच्या मनानं घेतलं, की गावात नळ आणायचा. राजधानीहून चष्मेवाला इंजिनिअर आला. दोघं डोंगरावर हिंडले आणि त्यांनी 'पांढरा डोळा' नावाचा झरा निवडला. फेब्रुवारीचा महिना, पाणी असं उसळत होतं की बघत राहावं. माझ्या गाढवांना पाजत मी तिथेच उभा होतो. हा झरा ऑगस्टमध्ये पार आटतो, हे गावात मला एकट्यालाच ठाऊक होतं. कोरड्या दिवसांत मी आणखी वर, नेच्याच्या झाडीतल्या झऱ्यावर जायचो आणि ती वाट मी कुणालाच दाखवली नव्हती, आब्दोनलाही नाही.

"काय निकानोर, कसा आहे झरा?" इंजिनिअरला ऐकू जाईल असं आब्दोननं विचारलं.

"दिसतोय ना," मी म्हटलं आणि गाढवं हाकली.

त्याच वर्षी जूनमध्ये चौकातला नळ सुरू झाला. बँड, फटाके, आणि देल्फिना निळ्या शालीत त्याच्या शेजारी. मी ऑगस्टची वाट बघत होतो.

ऑगस्टमध्ये नळ आटला. तिसऱ्या दिवशी घागरी घेऊन सगळं गाव नगरपालिकेसमोर जमलं. "नळ खाऊन टाकलास का रे?" कुणीतरी ओरडलं. नेमका त्याच वेळी मी भरली पिंपं घेऊन चौकात आलो. आयुष्यात तेवढा ताठ मी कधीच चाललो नव्हतो.

आब्दोन पायऱ्या उतरून आला. अंगात काळा कोट, छातीवर नगराध्यक्षाचा पट्टा. सरळ माझ्यापाशी येऊन हळूच म्हणाला, "तुला माहीत होतं."

"तू विचारलंस कुठे?"

"विचारलं होतं, निकानोर. पण चारचौघांत विचारलं. एकट्याला विचारायला हवं होतं, चुकलंच माझं." मग त्यानं कोट काढला, माझ्या दुसऱ्या गाढवाचा दोर हातात घेतला आणि मोठ्यानं म्हणाला, "बायांनो, झरा निवडायला मी चुकलो. नवं पाणी येईपर्यंत निकानोर आणि मी पूर्वीसारखं दारोदार पाणी घालू."

मला वाटलं होतं लोक दगड मारतील. त्यांनी त्याला बसायला उंबरे दिले, बायकांनी सूप दिलं. पाणी माझ्या झऱ्याचं, गाढवं माझी, आणि कौतुक त्याचं! तीन आठवडे मी हे बघत होतो. शेवटी ते बघवेना, म्हणून मी त्याला वरची वाट दाखवली. चांगुलपणानं नव्हे, हे स्पष्ट सांगतो. त्यानं एकदाचं माझं गाढव सोडावं, एवढंच मला हवं होतं.

वर्षभरात नळ वरच्या झऱ्यापर्यंत गेला. त्याला माझं नाव द्यावं म्हणून आब्दोन सभेत भांडला. सभासद हसले. मी नळाचा राखणदार झालो आणि गाढवं विकली.

१९१९च्या थंडीत तो न्यूमोनियानं गेला. दुकानं बंद, रस्ताभर माणसं. दफनानंतर देल्फिनाच्या स्वयंपाकघरात आम्ही दोघंच उरलो, तेव्हा माझ्यानं राहवलं नाही. "देल्फिना, तो झरा आटणार हे मला आधीपासून माहीत होतं."

"मला ठाऊक आहे. तू चौकात पाणी घेऊन आलास, त्याच दिवशी त्यानं सांगितलं होतं."

"काय म्हणाला?"

"म्हणाला, निकानोरच्या जागी मी असतो, तर मीही गप्पच बसलो असतो."

मी टोपी उचलली. तिनं कॉफी ओतली होती, ती तशीच ठेवून निघालो. मेलेल्या माणसाचा इतका हेवा मी त्याच्या जिवंतपणीही केला नव्हता.