आमच्या गावचं आंतरराष्ट्रीय दालन

जांभळ्या शाईचा गोल शिक्का बघितला की आजकाल मला मळमळतं. सगळी नोकरी पोलिसात गेली, शिक्के काय कमी बघितले? पंचनाम्यावर, जबाबावर, मढ्याच्या कागदावरसुद्धा. तेव्हा काही वाटलं नाही. आता बँकेच्या पासबुकावर जरी दिसला तरी तोंडात कडू पाणी सुटतं. का, ते सांगते.

नोकरीत असताना मला एकदा शांतिसेनेच्या पोलिसांत परदेशी पाठवलं होतं. देश म्हणजे काय, अर्धं बेट. नुकताच स्वतंत्र झालेला. नाव सांगत नाही. आष्टीच्या बाजारात उभं राहून सांगितलं तर लोकांना ते फवारणीच्या औषधाचं नाव वाटेल. जुन्या राज्यकर्त्यांनी जाता जाता सगळं जाळून टाकलं होतं. शाळा जाळल्या, कचेऱ्या जाळल्या, होतं नव्हतं ते वाचनालयही जाळलं. पुस्तकांनी त्यांचं काय घोडं मारलं होतं देव जाणे.

डोंगरातल्या एका गावात आमची चौकी होती. तिथं मी एका बाईकडं खोली घेऊन राहत होते. बाई माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठी, मका आणि कॉफी पिकवणारी. तिची एक शाळकरी मुलगी, आणि ओट्यावर कायम बसलेले तिचे म्हातारे वडील. मला तिथली भाषा मोडकीतोडकी यायची. बाईला हिंदी सिनेमातलं एक गाणं यायचं. तेवढ्यावर आमचं वर्षभर बराबर भागलं.

त्या म्हाताऱ्याजवळ एक गोष्ट होती. त्यांचं गाव कुठून आलं, कुठला झरा कुणाचा, कोण कुणाचा भाऊ आणि वैर कुठं मिटलं, हे सगळं तो एका दमात म्हणायचा. अख्ख्या गावात ते म्हणायचा हक्क त्या एकट्याचा होता. ते कुठं लिहिलेलं नव्हतं. आपल्याकडं भाट असायचे ना, तसंच काहीसं. एक दिवस दुपारी मी माझा टेपरेकॉर्डर त्याच्यासमोर ठेवला आणि म्हणाले, बोला आजोबा. कॅसेट संपेस्तोवर म्हातारा बोलला. मला अर्धंही कळलं नाही, पण अंगावर काटा आला होता. घरमालकीण दाराला टेकून डोळे पुसत होती.

मी परत आले आणि दोन-तीन महिन्यांत म्हातारा गेल्याचं कळलं.

येताना मी एक पत्र्याची पेटी भरून आणली होती. त्यांच्या पहिल्या निवडणुकीची भित्तिपत्रकं, चार-चार भाषांत छापलेली वर्तमानपत्रं, पोरांचे शाळेतले तक्ते, मी काढलेले फोटो आणि ती कॅसेट. माझी बदली आज इथं तर उद्या तिथं. क्वार्टरमध्ये वाळवी, उंदीर. पेटी ठेवायची कुठं? तेवढ्यात गावच्या वाचनालयाचे अध्यक्ष घरी आले. हात जोडून म्हणाले, "फौजदार ताई, आपल्या गावचं नाव तुम्ही सातासमुद्रापार नेलं. ही ठेव आमच्याकडं द्या. आपण आंतरराष्ट्रीय दालन करू. पोरं बघतील, शिकतील. माझ्या जिवात जीव हाय तवर एक कागद हलणार न्हाई."

मला काय हुरूप आला म्हणून सांगू! दिली. शाल झाली, नारळ झाला, काचेच्या एका कपाटावर पाटी लागली. दालन म्हणजे तेच कपाट. पेपरात फोटो आला, त्यात अध्यक्ष मधे आणि मी कडेला. मी निश्चिंत झाले. वाचनालयासारखी सुरक्षित जागा दुसरी कुठली, असं मला वाटायचं. खुळी मी.

मागच्या वर्षी निवृत्त होऊन मी गावी येऊन राहिले. बसते न बसते तोच त्या देशातून व्हिडिओ फोन. समोर एक बाई, चष्मा लावलेली, इंग्रजी बोलणारी. ओळखलंच नाही मी. ती म्हणाली, मी ती, तुम्ही जिची वेणी घालायचात ती. अगं बाई! घरमालकिणीची मुलगी. आता त्यांच्या राष्ट्रीय ग्रंथालयात नोकरीला. तिनं सांगितलं की आम्ही आमच्या देशाचा संग्रह उभा करतोय, पण आमच्या त्या पहिल्या वर्षांचं आमच्याकडं काहीच नाही. जे होतं ते बाहेरून आलेले लोक घेऊन गेले. म्हणून एकेकाला शोधून फोन करतोय. मग आवाज खाली आणून म्हणाली, "आईला आता दिसत नाही. ती एकच विचारते, त्या पोलीसबाईकडं बाबांचा आवाज आहे ना? आमच्याकडं त्यांचा फोटोसुद्धा नाही."

आहे की, मी म्हणाले. वाचनालयात आहे, अगदी जपून ठेवलेला. उद्याच बघते.

दुसऱ्या दिवशी सकाळी वाचनालयात गेले. कुलूप. खिडकीतून वाकून बघितलं तर आत सोयाबीनची पोती, थेट छतापर्यंत. वर उंदीर बसलेला, मला बघून हललासुद्धा नाही. शी! तो वास अजून नाकात आहे. ग्रंथपालाचं नाव फळ्यावर लिहिलं होतं. ते अध्यक्षांच्या सुनेचं नाव, आणि सून राहते संभाजीनगरला.

अध्यक्षांच्या घरी गेले. म्हातारपणातही तब्येत छान, गळ्यात उपरणं. "या या, फौजदार ताई. चहा टाका रे."

"चहा राहू द्या. माझं कपाट कुठंय?"

"दालन व्हय? ते सध्या दौऱ्यावर हाय."

मला वाटलं म्हातारा चेष्टा करतोय. पण नाही. मोठ्या कौतुकानं सांगायला लागला. तालुक्या-तालुक्यात त्यांची पाच-सहा वाचनालयं. पुस्तकं मात्र एकाच वाचनालयापुरती. सरकारी अनुदानाची तपासणी लागली की टेम्पोत घालून पुस्तकं तिकडं न्यायची, साहेबांनी मोजली की पुढच्या गावाला. "आता तुमच्या दालनामुळं लई वजन पडतं बघा. साहेब लोक बाकी काही बघतच न्हाईत. आंतरराष्ट्रीय म्हणलं की सरळ सही. तुमच्यामुळं आपला अनुदानाचा वर्ग वाढला, ताई. खरं सांगून राह्यलो."

हे ऐकवताना त्या माणसाच्या चेहऱ्यावर लाज नावाला नव्हती. उलट माझ्यावर उपकार केल्यासारखा हसत होता. चोर मी पुष्कळ बघितले. चोर निदान पकडल्यावर खाली बघतो.

"कुठल्या गावाला गेलंय?" मी विचारलं. त्यानं सांगितलं. घनसावंगीहून शहागडची बस धरली, तिथून जीपनं गोदाकाठच्या त्या गावात गेले. वाचनालय म्हणजे पीठगिरणीच्या मागची खोली. गिरणीवाल्यानंच किल्ली दिली. कपाट होतं. काच फुटलेली, पाटी मात्र नवी रंगवलेली.

पहिलं भित्तिपत्रक उलगडलं. त्यांच्या पहिल्या निवडणुकीचं ते भित्तिपत्रक, रांगेत उभ्या बायका, बोटाला शाई लावलेली. त्या बायकांच्या तोंडावर शिक्के. एका गावच्या वाचनालयाचा एक, त्याच्यावर दुसऱ्या गावचा, त्याच्यावर तिसऱ्याचा. ज्या गावाला जाईल तिथं "दाखल" म्हणून मारलेला शिक्का. फोटोंवर तर विचारूच नका. माझ्या घरमालकिणीच्या फोटोत तिचे दोन्ही डोळे जांभळे. ती पोरगी, वेणी घातलेली, तिच्या कपाळापासून हनुवटीपर्यंत कुठल्यातरी वाचनालयाचं नाव. अरे, कडेला जागा नव्हती का? पाठीमागं कोरा कागद नव्हता का? पण नाही. साहेबाला लांबून दिसलं पाहिजे. मला खरंच ओकारी आली. गिरणीवाला पाणी घेऊन धावला.

कॅसेटची डबी सापडली. वर माझ्या अक्षरात म्हाताऱ्याचं नाव, त्यावर शिक्क्यांची गर्दी. हातात घेतली, वजन बराबर. उघडली तर आत काड्यापेटी. माती भरलेली काड्यापेटी, डबी हलकी लागू नये म्हणून.

त्याच पावली परत फिरले. अध्यक्ष घरामागच्या शेतात होते. मी बांधावरूनच ओरडले, "आतली कॅसेट कुठंय?"

"अहो, किती जुनी गोष्ट ती," तो म्हणाला. "गेल्ती की कामाला. साहेबांना दरसाली हुरडा लागतो. घरामागं गूळभेंडी ज्वारीचा एक तुकडा ठेवलेला असतो त्यांच्यासाठी. पाखरं काही ठेवीनात. मंग ती पट्टी काढून चारी अंगाला ताणली. उन्हात चमकते, वाऱ्यात गुणगुणते. बिलकुल पाखरू उतरलं न्हाई. लई भारी निघाली तुमची फॉरेनची पट्टी!"

मी त्याला काय काय बोलले ते इथं लिहीत नाही. नोकरीत शिकलेलं सगळं त्या दिवशी कामी आलं. बायका दारात आल्या. तो मात्र म्हणत राहिला, "अहो, पण डबी हाय ना? मोजणीत डबीच धरतात." त्याला खरोखर कळत नव्हतं की मी कशासाठी ओरडतेय. त्याचीच मला सगळ्यात जास्त घाण वाटली, चोरीपेक्षाही.

त्याची बायको आत गेली आणि गोठ्यातल्या डब्यातून काहीतरी घेऊन आली. खिळे, दोऱ्या, विळ्याचा तुटका दांडा, आणि त्यात माझी कॅसेट. चाकावर नखभर जाडीची पट्टी अजून गुंडाळलेली होती. शेताचा तुकडा लहान होता, सगळी पट्टी लागली नव्हती. "घ्या बाई," ती म्हणाली, "मला ठाऊक नव्हतं आत माणूस हाय म्हणून." त्या घरात माणसासारखं बोललेलं तेवढं एकच वाक्य.

जालन्यात एक जुना रेडिओ दुरुस्तीवाला आहे. त्यानं पट्टी पुसली, दुसऱ्या कॅसेटीत जोडली, आवाज मोबाइलमध्ये उतरवून दिला. त्या काळी ऐकून झाल्यावर मी पट्टी मागं फिरवली नव्हती, म्हणून सुरुवात चाकाच्या आतल्या अंगाला होती आणि वाचली होती ती सुरुवातच. पण सुरुवात कसली? माझी! दुकानात बसून ऐकताना मी कपाळावर हात मारला. मी जबाब घ्यायला बसल्यासारखी दरडावून विचारतेय. नाव काय? गाव कुठलं? वडिलांचं नाव? ती त्यांची भाषा मी अशी काही चिरडतेय की बस. मागं कोंबडा आरवतोय. म्हातारा निमूट एकेक उत्तर देतोय. मग मी विचारते, वय? आणि म्हातारा हसतो. चांगला पोटातून हसतो, खोकतो, पुन्हा हसतो. मी म्हणते, बरं, बोला आजोबा. आणि पट्टी संपते.

फोन लावला. मुलीनं आईला खुर्चीत आणून बसवलं. म्हातारी किती वाळली होती. मी आवाज लावला. माझ्या दरडावण्यावर ती हसली, मग वडिलांचं नाव आलं तशी ताठ झाली. हसणं आलं आणि तिनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. आवाज थांबला तरी ती तशीच मान पुढं करून बसली होती, वाट बघत. आता खरी गोष्ट सुरू होणार म्हणून.

मग मुलीला काहीतरी बोलली. मुलगी म्हणाली, "आई विचारते, पुढचं?"

मी सांगितलं. दुसरं काय करणार? खोटं बोलायची माझी तयारी नव्हती आणि त्या माणसावर पांघरूण घालायची तर त्याहून नव्हती. वाचनालय, टेम्पो, साहेब, हुरडा, पाखरं, सगळं सांगितलं. मुलगी ऐकत होती, आईला काहीच सांगत नव्हती. राष्ट्रीय ग्रंथालयात नोकरी करणारी मुलगी ती, वाचनालयात असं होतं हे तिच्या डोक्यात शिरेना. "पण ते वाचनालयच होतं ना?" असं तिनं मला परत परत विचारलं. मी होय म्हणत राहिले आणि प्रत्येक होयला मला माझ्या गावाची किळस येत गेली.

शेवटी तिनं आईला सांगितलं. हळूहळू, थांबत थांबत. म्हातारी रडेल, शिव्या देईल, फोन ठेव म्हणेल, असं मला वाटलं. मी त्याला तयार होते. पण तिनं सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला.

"आई विचारते," मुलगी म्हणाली, "एवढी वर्षं तिथं होती. पट्टी बांधायच्या आधी कुणी एकदा तरी लावून ऐकली होती का?"

माझ्यासमोर टेबलावर ती डबी पडली होती, सगळ्या शिक्क्यांसकट.

"नाही," मी म्हणाले.

म्हातारीनं मान हलवली. मग म्हणाली, ते हसणं पुन्हा लाव. मी पुन्हा लावलं.