माडीखालची भिंत

भिलाईजवळच्या रुआबांधा गावातलं आमचं घर सासऱ्यांनी रेल्वेत नोकरीला असताना घेतलेलं. मातीच्या जाड भिंती, वर कौलं. ते वारले, आणि पुढे भिलाईत पोलादाच्या कारखान्याचं बांधकाम सुरू झालं. कुठकुठून कामाला आलेली माणसं खोली आहे का विचारत दारात उभी राहू लागली. कुणी लेकराबाळांसकट झाडाखाली राहतं हे सासूबाईंना बघवेना. त्यांनी कौलं उतरवून त्याच मातीच्या भिंतींवर विटांची माडी चढवली आणि दोन कुटुंबांना जागा दिली. घर त्यांच्या नावावर, त्यामुळे विचारायचं कुणाला? माझे यजमान चरोद्याच्या रेल्वे यार्डात ड्युटीवर असत. मी नागपूरकडून लग्न होऊन नुकतीच आलेली, सातवीपर्यंत शिकलेली.

एके दिवशी बांधकामं तपासणारा सरकारी ओव्हरसियर आला. भाड्यानं खोल्या देणाऱ्या घरमालकांनी काय पाळायचं याचा छापील कागद त्याच्याजवळ होता. सासूबाईंनी तो माझ्याकडून वाचून घेतला. मातीच्या भिंतीवर विटांचा मजला नको, जिन्याला कठडा हवा, न्हाणीचं पाणी भिंतीपासून दूर काढावं. आम्ही यातलं काहीच पाळलं नव्हतं.

"माह्या मालकानं घेतलेलं घर आहे हे," सासूबाई म्हणाल्या. "इतकी वर्सं उभं आहे. तुमी मले कावून शिकवून राहिले?"

तो चिडला नाही. मागच्या भिंतीला एक चीर गेली होती. तिच्यावर त्यानं काचेची पट्टी आडवी धरून दोन्ही टोकं सिमेंटनं चिकटवली. "ही तडकली तर भिंत सरकते आहे असं समजा, बाई. त्याच घडीला माणसं बाहेर काढा."

तो गेल्यावर सासूबाई हसल्या. मी मात्र रोज भांडी घासताना तिकडे बघायची. बघून झालं की स्वतःचीच लाज वाटायची. सासूवर माझा विश्वास नाही असं त्यांना वाटलं तर?

पंधरा-वीस दिवसांनी एका सकाळी काचेचे दोन तुकडे झालेले दिसले. मी सासूबाईंना बोलावलं. त्या आल्या, भिंतीला तळवा लावून उभ्या राहिल्या. मग लुगडं खोचलं आणि जिना चढल्या.

पुरुष कामावर गेलेले. वर दोघी बायका आणि मुलं. त्यातली एक चुलीपुढून उठेना. "भात चुरत हे दाई, कइसे आबो?" भात शिजतोय आई, येऊ कशी, असं ती तिच्या छत्तीसगढीत म्हणत होती.

"भात राहू दे! लेकराले घे अन् उतर!" सासूबाईंनी चुलीत तांब्याभर पाणी ओतलं. धूर झाला, ती बाई रडायला लागली. सासूबाईंनी तिच्या मुलाला कडेवर घेतलं आणि भिंतीचा आधार न घेता एकेक पायरी उतरल्या. मागोमाग दोघी बायका बाकीच्या मुलांना घेऊन उतरल्या.

दुपारी, आम्ही सगळे समोरच्या अंगणात बसलेलो असताना मागची भिंत खाली बसली. माडीचा अर्धा भाग तिच्यासोबत गेला. धुरळा निवला तेव्हा चुलीची जागाच उरली नव्हती. ती बाई उठली आणि सासूबाईंच्या पाया पडली. त्यांनी पाय मागे घेतले. "माह्या पाया नोको पडू. मीच ठेवलं होतं तुमाले तिथं."

दुसऱ्या दिवशी त्या मला घेऊन ओव्हरसियरकडे गेल्या. "तुमचं आयकलं नाही मी," त्या म्हणाल्या. "आता काय काय करायचं ते सांगा." मला वाटलं, तो आता सुनावणार. तो एवढंच म्हणाला, "माणसं सुखरूप आहेत ना? घर काय, पुन्हा बांधता येतं."

घर नव्यानं उभं राहायला वर्ष गेलं. उरलेली माडी उतरवून सासूबाईंनी पुढच्या खोल्यांवर पुन्हा कौलं घातली, आणि तोवर ती दोन्ही कुटुंबं तिथंच आमच्यासोबत दाटीवाटीनं राहिली. त्यांची पुरुषमाणसं कारखान्याचे पाये खणायला जायची, सुट्टीच्या दिवशी आमचा पाया खणायची. चर इतका खोल गेला की यजमान हसून म्हणाले, "आई, इथं कारखान्याची भट्टी उभारून राहिली का तू?"

त्यानंतर गावात कुठे बांधकामासाठी विटा येऊन पडल्या की सासूबाई तिथे हजर. एका शेजाऱ्यानं जुन्या भिंतीवर खोली चढवायला घेतली, तेव्हा त्या त्याच्या रेतीच्या ढिगावर जाऊन बसल्या. मिस्त्री म्हणाला, "दाई, उठो ना." त्या म्हणाल्या, "पयले पाया खण." दोन दिवस शेजारी आमच्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी कुदळ मागायला आला.